धर्माचा रकाना

हडपसरच्या रस्त्यांवर सायंकाळी चायनीजच्या गाड्या लागतात. चिनी माणूस मात्र तेथे औषधालाही सापडत नाही. त्याचा धर्म कोणता, हा प्रश्नच मग कोणास पडावयाचा? मुंबईत माझगावला चिनी खलाशांच्या वंशजांचे 1919 सालचे मंदिर आहे. निष्ठेसाठी पूजिला जाणारा योद्धा क्वान कुंग आणि करुणेची बोधिसत्त्व क्वान यिन त्या एकाच वास्तूत नांदतात. देशोदेशी गेलेल्या चिनी कुटुंबांत कन्फ्यूशियसची शिकवणही अशीच मिसळून राहिली आहे. दीक्षेपेक्षा पितरांपुढील उदबत्तीत तिचा वास अधिक. असा धर्म शासनाने कोणत्या रकान्यात घालावयाचा?

इंडोनेशियात या प्रश्नाने माणसांचे हाल केले. 1965 मध्ये सुकार्नो यांच्या शासनाने कन्फ्यूशियस धर्म सहा धर्मांत गणला. 1967 मध्ये सुहार्तो यांनी चिनी धर्माचार उघडपणे पाळण्यास बंदी घातली, आणि 1978 च्या परिपत्रकात पाचच धर्म उरले. वस्तुतः तेथील अनुयायांनी ‘थियान’ हा ईश्वर, कन्फ्यूशियस हा प्रेषित व चार ग्रंथ हे धर्मशास्त्र अशी मांडणी केली होती. शासनाला पटेल असा हा धर्म होता. तरीही 1995 मध्ये सुराबायातील एका जोडप्याच्या विवाहाची नोंद नाकारली गेली. ओळखपत्रावर कित्येकांनी ‘ख्रिस्ती’ लिहिले, कित्येकांनी ‘बौद्ध’.

अशा सक्तीने बौद्धांची संख्या वाढली म्हणून आम्हांस आनंद व्हावा काय? मुळीच नाही. पित्यापुढे पुत्राने व पतीपुढे पत्नीने नमावे ही कन्फ्यूशियसपंथी शिस्त आम्हांस मान्य नाही. परंतु तिच्या अनुयायाने आपले नाव स्वतः सांगावे, हा त्याचा हक्क आहे. आपण ते नाव सांगितले, त्याची किंमतही मोजली. 1956 च्या धर्मांतरानंतर ‘बौद्ध’ असे खरे लिहिणाऱ्यास केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या गेल्या. 1990 च्या दुरुस्तीपर्यंत एक अख्खी पिढी खपली.

इंडोनेशियात अब्दुर्रहमान वाहिद यांनी 2000 साली बंदी उठविली आणि 2006 मध्ये कन्फ्यूशियस धर्माला पुन्हा मान्यता मिळाली. आपल्याकडे त्रिसरण-पंचशील घेऊन लागलेल्या विवाहास आजही 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो.