नफा खासगी, जोखीम सार्वजनिक

अमुक चित्रपटाने पाचशे कोटींचा पल्ला गाठला, ही बातमी वाचून माना डोलावण्याचा भाबडेपणा आता पुरे. तो आकडा तिकीटविक्रीचा असतो, नफ्याचा नव्हे. त्यातून वस्तू व सेवा कर जातो, चित्रपटगृहांचा साधारण निम्मा वाटा जातो, वितरकाचे कमिशन आणि जाहिरातखर्च जातो. उरलेल्यातून निर्मितीखर्च भागला, तरच नफ्याची भाषा करावी.

पण खर्च तरी खरा कशावरून? १९८८च्या 'कमिंग टू अमेरिका'ने जगभरात २८ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. तरीही पॅरामाउंटच्या वहीत निव्वळ नफा शून्य! आर्ट बुकवाल्ड यांच्या खटल्यात १९९० साली न्यायालयाने त्या हिशेबसूत्रातील काही कलमे अन्याय्य ठरवली. म्हणजे लेखकाला वाटा देताना चित्रपट तोट्यात आणि जाहिरातीत मात्र विक्रमी.

या व्यवहारात सरकार उतरते, तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होतो. ब्रिटनमध्ये २००७ साली आलेली सवलत नफ्यावर नव्हे, खर्चावर बेतलेली होती. चित्रपट आपटला तरी ती मिळत असे. न्यूझीलंडने २०१० साली 'द हॉबिट' देशाबाहेर जाऊ नये म्हणून वाढीव करसवलत तर दिलीच, शिवाय कामगार कायदाही घाईघाईने बदलला. चित्रपट कामगार त्यामुळे नोकर न राहता कंत्राटदार ठरले. आपल्याकडेही २०२३च्या गोव्यातील चित्रपट महोत्सवात परदेशी निर्मितीसाठीचे प्रोत्साहन खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी रुपये, वाढवल्याची घोषणा झाली.

यावर ठरलेले उत्तर येते: रोजगार मिळतो. मिळतो, हे मान्य. सुतार, शिंपी, वाहनचालक यांच्या घरी चूल पेटते, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु रोजगार हे मदतीचे समर्थन झाले. हिशेब झाकण्याचे नव्हे. आणि रोजगाराच्याच नावाने कामगाराचे हक्क काढून घ्यायचे, हा तर उघड विपर्यास आहे.

आमचे म्हणणे साधे आहे. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या चित्रपटाचा खर्च, मिळालेली मदत आणि पुढील उत्पन्न जाहीर व्हावे. नफा ठरावीक मर्यादेपुढे गेला, तर मदतीचा हिस्सा तिजोरीत परत यावा. तोट्यात जनतेला भागीदार करायचे आणि नफ्याच्या वेळी दार लावून घ्यायचे, याला प्रोत्साहन म्हणत नाहीत. त्याला मराठीत दुसरा, फारसा सभ्य नसलेला शब्द आहे.