गेलेली बाग परत मिळत नाही

१९८० च्या दशकात काळी नदीवरील धरणाने जुने सुपे गाव गिळले. ती भूमी सरकारने घेतली. तेथे आपला इलाज नव्हता. परंतु परदेशी स्थायिक होण्यासाठी जोयडा तालुक्यातील सुपारीची बाग जो आपल्या सहीने विकतो, त्यास आम्ही काय म्हणावे? ‘पैसा मिळवून परतू आणि दुप्पट जमीन घेऊ’ हे त्याचे समाधान निव्वळ भ्रम आहे.

परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच, १९५५ च्या कायद्यान्वये भारतीय नागरिकत्व संपते. पुढे ‘ओसीआय’ कार्ड मिळाले तरी घर विकत घेता येते. शेतजमीन, बागायत वा फार्महाऊस नव्हे. उलट, कर्नाटकाने २०२० मध्ये निर्बंध उठविल्यापासून शहरातील बिगरशेतकरी नागरिकास तीच बाग घेता येते. म्हणजे परका धनिक मालक आणि मूळ मालक पाहुणा!

पूर्वी घेतलेली अथवा वारशाने आलेली जमीन मात्र परदेशस्थास राखता येते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, जाणाऱ्याने खुशाल जावे, पण बाग विकून जाऊ नये. ग्रामदेवतेपुढे ठेवावयाचा नारळ बाजारात मिळेल. वाडवडिलांची बाग मिळणार नाही.