वर्तणूक : चांगली

एका अनुदानित शाळेत सातवीतल्या मुलानं वर्गातल्या मुलीच्या दंडात कर्कटक खुपसलं. त्याआधी महिनाभर तो तिची वेणी ओढत होता. तिनं वर्गशिक्षिकेला दोनदा सांगितलं होतं. “तू लक्षच देऊ नकोस,” असं उत्तर मिळालं होतं. रक्त आलं तेव्हा मात्र शाळा हलली आणि तीन दिवसांत मुलाच्या हातात दाखला पडला.

मुलीची आई आमच्या केंद्रावर येते. तिच्याकडून हे ऐकलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. एकदाची कुणीतरी मुलीची बाजू घेतली, म्हणून.

पुढच्या आठवड्यात मुलाची आई आली. चार घरची धुणीभांडी करणारी. तिनं पिशवीतून दाखला काढून समोर ठेवला. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक : चांगली.

“विनंती केली होतीत?” मी विचारलं.

“सर म्हणाले, अर्ज द्या, नाहीतर पोलिसांत कळवतो. मला कुठं एवढं लिहिता येतं? क्लार्कनं लिहिला, मी सही केली.”

घरी काय चालतं ते तिच्या मनगटावर दिसत होतं. शाळेनं तिला तीनदा बोलावलं. बापाला एकदाही नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 साली त्या कलमात बदल होऊन पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा आली, पण काढण्यावरची बंदी तशीच राहिली. म्हणून शाळा आईकडूनच अर्ज लिहून घेते. आणि ‘वर्तणूक चांगली’ असं एकदा लिहिलं की कागदोपत्री काही घडलेलंच नसतं. मग दोनदा आलेली तक्रार बाईंनी का ऐकली नाही, हे तरी कोण कुणाला विचारणार?

पुढे काय झालं? मुलगा दिवसभर वस्तीत मोकळा फिरू लागला, नेमका त्या मुलीच्या वाटेवर. महिन्याभरात तिला मामाकडे गावी पाठवलं. म्हणजे शाळा दोघांचीही सुटली. फक्त तिच्या नावाचा दाखला निघाला नाही, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग अशा मुलाला वर्गात ठेवायचं आणि मुलीनं सोसायचं? मुळीच नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘सांभाळून घे’ सांगणाऱ्यांशी आपण इतकी वर्षं भांडतो आहोत. मुलीची तक्रार पहिल्याच दिवशी लेखी घ्या, तारीख घाला. तुकडी बदलायची तर त्याची बदला, तिची नको. बापाला बोलवा. समुपदेशक नसेल तर शिक्षण खात्याकडे मागा, आणि मागितल्याची पोच ठेवा. नववी-दहावीला कलम 16 लागू नाही. तिथं काढायची वेळ आलीच तर खरं कारण लिहा आणि पुढची शाळा ठरल्याशिवाय दाखला देऊ नका. इंग्लंडमध्ये मुलाला कायमचं काढताना मुख्याध्यापकांना कारण लेखी द्यावं लागतं आणि सहाव्या शालेय दिवसापासून त्याच्या पूर्णवेळ शिक्षणाची सोय स्थानिक प्रशासनाला करावी लागते. तिथं सगळं आलबेल आहे असं नाही, पण मुलगा कुणाच्या जबाबदारीवर आहे हे तरी ठरलेलं असतं.

याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत असं सांगितलंय. समितीची बैठक कधी होते, हे या दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. आता तारीख कळली आहे. मीही बरोबर जाणार आहे. मुलीच्या आईला त्या दोन तक्रारी नोंदवहीत लिहून हव्या आहेत, आणि मुलगी परत आली तर तो तिच्या तुकडीत नसेल, हेही लेखी. मुलाची आई दाखला परत करणार आहे. दोघी एका रिक्षातून यायला तयार नाहीत, तेव्हा मी दोन फेऱ्या मारीन.