वाशिष्ठीची भरती कळव्यात ठरते

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्यावर गरवायला बसणारं शाळकरी पोरही हा हिशेब करूनच गरी टाकतं. खाडीतून पाणी आत यायला लागणारा उशीर वर मनातल्या मनात धरतं. पण तेच पोर मोठं होऊन दुचाकीवरून वर पिंपळी-खडपोलीच्या बाजूला मासे मारायला जाऊ लागलं की त्याच्याकडे कसलाच हिशेब नसतो. तिथे तिथी चालत नाही. तिथलं पाणी चंद्र चढवत नाही, कळवा चढवतो.

कळव्याला राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे. कोणत्या वीज केंद्राने किती वेळ, किती वीज द्यायची ते तिथून सांगितलं जातं. आता त्याचा आमच्या नदीशी संबंध काय? कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला वळवलं; पाणीवाटपात त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी ठरवून दिलेले आहेत. वरच्या टप्प्यांमधून खाली आलेलं पाणी कोळकेवाडी धरणात साठतं, तिथून तिसऱ्या टप्प्याच्या 80 मेगावॉटच्या 4 संचांवरून जातं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यात कोकणातले पऱ्हे, ओढे कोरडे ठणठणीत असताना आमची नदी वाहत असते. निर्मिती काही दिवस थांबली की चिपळूणच्या नळांनाही ते कळतं.

कोळशाच्या केंद्राला थंडावल्यावर पुन्हा पेट घ्यायला तासन्‌तास लागतात. पाण्यावरचा संच काही मिनिटांत पूर्ण जोमाने फिरू लागतो. म्हणून जेव्हा राज्यात एकदम वीज लागते, तेव्हा कोयनेला हाक जाते. याचा अर्थ, मुंबई-पुण्यात लोक घरी येऊन दिवे-पंखे लावतात त्या सुमाराला आमच्या नदीचं पाणी वाढण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि मासे मारणाऱ्यांची आवडती वेळही तीच, ऊन उतरल्यावरची.

बाजारपेठेत माझं दुकान आहे. रेनकोट, ताडपत्र्या, दोरखंड, आणि एका काचेच्या कपाटात गऱ्या, तंगूस, शिसं. 22 जुलै 2021 ला त्या कपाटासकट सगळं दुकान पाण्याखाली होतं. त्या पुराला कोण जबाबदार यावर चिपळुणात अजून वाद घालता येतो, मी इथे घालणार नाही. सांगायचं एवढंच की मोठ्या पुराची भीती आम्हाला आता बसली आहे. पाणी धोक्याच्या लाल निशाणीकडे चाललं की सगळं शहर जागं राहतं. संच फिरू लागल्यावर उन्हाळ्यात होणाऱ्या दोन-तीन फुटांच्या वाढीची मात्र कोणालाच भीती नाही. गिऱ्हाइकाला विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "शेठ, गुडघ्याएवढं तर पाणी हाय."

गुडघ्याएवढं स्थिर पाणी आणि गुडघ्याएवढं धावतं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. खाली शेवाळलेले गोटे, पायात स्लिपर. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला आणि वरून पाण्याने ढकललं, तर धडधाकट माणूस कंबरभर पाण्यातही पुन्हा उभा राहू शकत नाही. पट्टीचा पोहणारा असला तरी अडकलेल्या पायाने पोहणार कसा?

आणखी एक. माणूस मासे मारायला काठावर थांबत नाही, मधल्या एखाद्या उंच खडकावर जातो. पात्र सगळीकडे सारखं खोल नसतं. बऱ्याचदा खडक आणि काठ यांच्यामध्येच एक सखल पट्टा असतो, जो तो येताना पायजमा वर करून पार करतो. पाणी वाढू लागलं की आधी तो पट्टा भरतो. खडक अजून कोरडा असतो, त्यामुळे गडी निवांत, पाठ काठाकडे, डोळे तंगुसावर. पायाला पाणी लागेपर्यंत परतीची वाट गेलेली असते. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, समोर बघू नकोस, मागे बघ. येताना ओलांडलेल्या पाण्यात एक दगड ओळखून ठेव, आणि तो बुडताना दिसला की गरी अडकलेली असली तरी तंगूस तोडून ऊठ. मी दुसरी देईन.

पाग टाकणाऱ्यांचा धोका वेगळा. पागाची दोरी मनगटाला बांधायची सवय असते, जाळं हातचं जाऊ नये म्हणून. धावत्या पाण्यात पाग तळाच्या दगडात अडकला की तीच दोरी माणसाला ओढते, आणि ओली गाठ एका हाताने सुटत नाही. दोरीचा फास सैल ठेवा, हात खाली सोडला की निसटेल इतका सैल. पाग गेला तर गेला. ज्याचा नवा पाग दोन हप्त्यांत घेतलेला आहे त्याला हे सांगणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. उधारी माझ्याच वहीत असते.

सगळ्यात स्वस्त वस्तू कोणी मागत नाही. पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन आणि त्याच्या कडीला बांधलेली लांब दोरी. बुडणाऱ्याकडे तो फेकायचा आणि काठावर बसून ओढायचं. एक बुडू लागला की दुसरा उडी मारतो, आणि मग घरी दोघेही परत येत नाहीत, हे आपण वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात वाचतो.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर चढणीचे मासे निघतात, तेव्हा तर अर्धा गाव रात्री बॅटऱ्या घेऊन पऱ्ह्यात उतरतो. तिथे धरण नसतं, पण घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस खाली चांदणं असतानाही लोंढा घेऊन येतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, आवाज बदलला, की वर चढायचं. बॅटरीचा करंट पाण्यात सोडणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही. ओल्या अंगाने पाण्यात उभं राहून वीज सोडणाऱ्याला काय समजवायचं? मगरींबद्दल मात्र थोडक्यात: 2024 च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर फिरणारी मगर सगळ्या देशाने मोबाईलवर पाहिली, ती आली नदीतूनच. मासे काठावर साफ करून आतडी पाण्यात टाकू नका, आणि रोज एकाच जागी पाण्याला लागून बसू नका.

हे झालं मासेमाऱ्याचं काम. पण सगळा भार त्याच्यावर टाकून प्रशासनाला मोकळं होता येणार नाही. आपल्याकडे धरणांखाली जो फलक दिसतो त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: पाणी केव्हाही सोडले जाईल, नदीपात्रात उतरू नये. बारा महिने, चोवीस तास धोका सांगणारा फलक कोणी वाचत नाही. तो माणसाला वाचवण्यासाठी कमी आणि नंतर चौकशीत दाखवण्यासाठी जास्त असतो. 8 जून 2014 ला हिमाचलमध्ये लारजी प्रकल्पाखाली बियास नदीत हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. फोटो काढायला खडकांवर उतरले होते, वरून पाणी सोडलं गेलं. त्या पोरांना फलकाची नव्हे, वेळेची गरज होती.

वेळ सांगता येते. उद्या कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची याचं वेळापत्रक आदल्या दिवशीच तयार होतं, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडून. म्हणजे माहिती कागदावर आहे. ती कळव्याहून वीज केंद्रापर्यंत येते, फक्त तिथून नदीकाठच्या ग्रामपंचायतीपर्यंत उतरत नाही. आक्षेप मला ठाऊक आहे: वेळापत्रक ऐनवेळी बदलतं, कुठे संच बंद पडला तर कोयना तडकाफडकी चालू करावी लागते, मग आम्ही सांगितलेल्या वेळेवर विसंबून कोणी बुडाला तर? बदलतं, मान्य. एसटीचंही बदलतं, तरी स्थानकात वेळापत्रक लावतातच ना. वेळ कळवा, ती बदलू शकते असंही कळवा, आणि ऐनवेळच्या बदलासाठी भोंगा ठेवा. भोंगा झाल्यावर आधी एकच संच, थोड्या वेळाने दुसरा, अशी वाढ जमेल तिथे तरी करा, म्हणजे खडकावरच्या माणसाला तो सखल पट्टा ओलांडायला दहा मिनिटं मिळतील.

मासे मारायला बंदी घालून हे सुटणार नाही. ज्याच्या घरी संध्याकाळच्या कालवणाला तीच मासळी आहे तो जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वाचून घरी बसत नाही. तो पोलीस नसलेली जागा शोधतो, आणि ती जागा बहुधा जास्त वाईट असते.