आधी एसएमपीएस, मग दिवे लावा!

तुमच्या हातातलं कोटेशन जरा समोर धरा. पीसी असेंबल करायचा ठरला की दुकानातून मिळतं ते, एका पानाचं. वरून खाली वाचत या. प्रोसेसर : कंपनी, मॉडेल, सगळं लिहिलेलं. मदरबोर्ड : मॉडेल नंबरासकट. रॅम किती जीबीची, एसएसडी कुठली, ग्राफिक्स कार्ड कुठलं, मॉनिटर किती इंची. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ : 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. ना कंपनी, ना मॉडेल, ना वॉट. लग्नाच्या हिशेबात शेवटी 'इतर खर्च' लिहितात ना, तसं.

मला भांडायचंय ते या शेवटच्या ओळीशी.

प्रोसेसर कुठला घ्यायचा यावर आपण महिनाभर यूट्यूब बघतो. कुठल्या गेमला किती एफपीएस येतात ते तोंडपाठ असतं. कॅबिनेटच्या काचेतून दिसणारे रंगीत दिवे निळे हवेत की जांभळे, तेही ठरलेलं असतं. आणि या सगळ्यांना वीज देणारा डबा मात्र 'येतोच की कॅबिनेटबरोबर'. माझं म्हणणं सरळ आहे : रत्नागिरीत पीसी जोडायचा तर यादी खालून वाचायला घ्या. आधी एसएमपीएस ठरवा, बाकीचं मग.

फुकटचा डबा महाग का पडतो?

एसएमपीएसचं काम सांगायला सोपं आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज करून द्यायची. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पंखे, सगळे याच्याच हातचं खातात. पंगतीत एकाच पातेल्यातली आमटी सगळ्यांना वाढलेली असते. ती नासली तर पोट एकट्याचं बिघडत नाही.

चांगल्या एसएमपीएसमध्ये राखणदार सर्किटं असतात. आउटपुटचं व्होल्टेज वाढलं, कुठे शॉर्ट झालं, जास्त करंट खेचला गेला किंवा आतलं तापमान चढलं, की तो स्वतःहून बंद पडतो. म्हणजे जायची वेळ आलीच तर बहुधा एकटा जातो. हजाराच्या आत मिळणाऱ्या डब्यांमध्ये यातलं बरंच काही गाळलेलं असतं. ते जाताना मदरबोर्डला, कधी एसएसडीलाही बरोबर नेतात. एसएसडी गेली म्हणजे तुमचा फायनल इयरचा प्रोजेक्टही गेला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला उतरून तासाभरात दुसरा पार्ट आणता येतो. आपल्याकडे तसं नाही. वॉरंटीतला पार्ट बऱ्याचदा कुरिअरने बाहेरगावी जातो आणि परत येईपर्यंत टेबलावर नुसता काचेचा डबा. सबमिशनची तारीख काही थांबत नाही. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पन्नास-साठ हजार असे अडकून पडतात. म्हणून 'बिघडला तर बघू' हे वाक्य इथे परवडणारं नाही.

आपली वीज, आपली हवा

गंमत बघा. आपला जिल्हा वीज बनवणारा जिल्हा आहे. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचं वीजघर आहे. जयगडला १२०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प तर एन्रॉनच्या वेळेपासून देशभर गाजलेला. मग आपल्याकडे वीज का लपंडाव खेळते? कारण या प्रकल्पांची वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून ग्रिडमध्ये जाते. तुमच्या खोलीत येते ती मात्र आंब्या-फणसाच्या आणि माडांच्या गर्दीतून जाणाऱ्या तारांवरून, कोपऱ्यावरच्या डीपीतून. वाऱ्याने एक फांदी पडली की वाडीच्या वाडी अंधारात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. ही झाली मोठी संकटं. पण रोजचं छोटं संकट वेगळंच असतं : लाइट जाते, येते, परत जाते, आणि येताना कधीकधी व्होल्टेजचा झटका घेऊन येते. पंख्याला त्याचं काही वाटत नाही. कॉम्प्युटरला वाटतं.

त्यात विजांचा कडकडाट. मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, हे दोन हंगाम सांभाळायचे. चांगल्या एसएमपीएसच्या आत, वीज शिरते तिथेच, एमओव्ही नावाची छोटी चकती असते. व्होल्टेजचा झटका आला की ती तो स्वतःवर घेते. स्वस्त डब्यात ती अनेकदा नसतेच. अर्थात थेट वीज पडली तर कुठलाच एसएमपीएस वाचवणार नाही. त्या वेळी प्लग काढून ठेवणं हाच उपाय, आणि त्याबरोबर इंटरनेटची केबलही काढायची, कारण झटका तिथूनही आत येतो.

दुसरी अडचण पायाखाली आहे. जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा खोल खणणं कष्टाचं आणि खर्चाचं काम. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग आणखी कमजोर होतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती 'थोडीशी करंट' नव्हे, धोक्याची खूण आहे. वायरमनला बोलवा आणि तुमच्या पॉइंटला खरंच अर्थिंग आहे का ते मीटरने तपासून घ्या. नसेल तर महागातला स्पाइक गार्डही पुरतं काम करू शकत नाही.

तिसरी गोष्ट हवा. मांडवी, भाट्ये, मिऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना खारा वारा काय करतो हे सांगायला नको. खिडकीच्या गजांची दशा करणारा तोच वारा कॅबिनेटच्या पंख्यातून आत ओढला जातो. त्यामुळे पीसी खिडकीला लागून ठेवू नका. गणपतीत किंवा सुट्टीत गावी जाताना प्लग काढून, झाकून ठेवा. पण पावसाळ्यात महिनोन्महिने बंदही ठेवू नका. अधूनमधून चालू केला तर आतल्या उबेने ओल धरत नाही.

डब्यावरचं काय वाचायचं?

'पाचशे वॉटचा आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्याच लाइनवर चालतात. समजा तिथे १८ अँपिअर आहेत. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॉट. बॉक्सवर '५००' कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी तुमच्या कामाचे वॉट तेवढेच.

आता गरज किती ते काढू. इंटेलचा आय-५ १२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉटचं आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून साठ-सत्तर धरा. बेरीज तीनशेच्या आसपास. या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, म्हणजे क्षणिक उसळीलाही जागा राहते. म्हणून ८५० वॉटच्या मागे धावू नका, आणि नाव नसलेल्या '५००'वरही विसंबू नका. चांगल्या कंपनीचा खरा ५५० पुष्कळ झाला.

'८० प्लस' या शिक्क्याचाही अर्थ समजून घ्या. तो सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के वीज कामाला येते, बाकीची उष्णतेत जाते. ब्राँझ, गोल्ड हे त्यावरचे दर्जे. हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षेचा नाही. तो असावाच, पण त्याच्यासोबत कुठली संरक्षणं दिलीत आणि वॉरंटी किती वर्षांची आहे तेही विचारा. कंपनी स्वतःच्या मालाला पाच-सात वर्षांची हमी देते की एकाच वर्षाची, यातच बरंच कळतं.

आता एक नेहमीची तक्रार : 'यूपीएस आहे, तरी लाइट गेली की पीसी रीस्टार्ट होतो.' दोष दर वेळी यूपीएसचा नसतो. लाइट गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. इंटेलच्या एटीएक्स मार्गदर्शिकेप्रमाणे त्याने काही मिलिसेकंद तग धरायला हवा. कपॅसिटरमध्ये काटकसर केलेला डबा त्याआधीच मान टाकतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का तेही बघा. नॉर्मल मोडमध्ये तो बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो. आमच्यासारख्या एडिटिंग करणाऱ्यांना रेंडर नव्वद टक्क्यांवर तुटणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पण पैसे?

हा प्रश्न खरा आहे. दोन-तीन हजार वाढले की घरी पुन्हा हात पसरावे लागतात. पण बजेट वाढवा असं मी म्हणतच नाही, त्याची वाटणी बदला. माझा साधा हिशेब : एकूण बजेटचा दहावा हिस्सा एसएमपीएसला.

तो कुठून काढायचा? काचेच्या कॅबिनेटमधून, दिव्यांच्या पंख्यांमधून, आणि गरज पडली तर ग्राफिक्स कार्डामधून. कार्ड पुढच्या वर्षी घेता येतं. फक्त त्यासाठी प्रोसेसर निवडताना लक्ष द्या. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही. बिनएफचा १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतलात, तर कोडिंग, असाइनमेंट, साधं एडिटिंग वर्षभर निभावतं. मदरबोर्ड डीडीआर-४ चा आहे की डीडीआर-५ चा ते बघूनच रॅम घ्या, एकीची दुसरीकडे बसत नाही.

आणि हे लक्षात घ्या की प्रोसेसर, कार्ड जुनं होतं, चांगला एसएमपीएस पुढच्या पीसीतही चालतो. एटीएक्सचा साचा १९९५ पासून टिकून आहे. फक्त एक पथ्य पाळा : सुट्या वायरींचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्याच वायरी वापरा. दुसऱ्या कंपनीची वायर खाचेत बसली तरी आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग हार्ड डिस्क जळायला एक सेकंद पुरतो.

ज्यांना दर सहा महिन्यांनी खोली बदलावी लागते, जिथे अर्थिंगचा पत्ता नाही आणि घरमालक बोर्डाला हात लावू देत नाही, त्यांनी डेस्कटॉपचा हट्टच धरू नये. बॅटरी असलेला लॅपटॉप त्यांच्यासाठी शहाणपणाचा.

विचारा, लाजू नका

दुकानदार वाईट असतात असं नाही. आपण विचारत नाही म्हणून ते लिहीत नाहीत. गिऱ्हाईक रॅमवरून घासाघीस करतं, मग वाचवायचे कुठे? जिथे कोणाचं लक्ष नाही तिथे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणं हा तुमचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. त्यामुळे शांतपणे सांगा : एसएमपीएसची वेगळी ओळ लिहा, कंपनी-मॉडेल-वॉट लिहा, बीआयएसचा नोंदणी क्रमांक डब्यावर दाखवा, आणि बिल पक्कं द्या. अनुक्रमांक बिलावर असला की वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही. वीजच वारंवार कमी-जास्त होत असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. पूर्ण वाडीने नोंदवली तर आणखी बरं.

एक काम कॉलेजांनाही सांगावंसं वाटतं. शासकीय तंत्रनिकेतनात, फिनोलेक्स अकॅडमीत मीटर धरायला शिकलेली मुलं आहेत. गोगटे-जोगळेकरमध्ये नव्याने पीसी घेणारी मुलं आहेत. पावसाळ्याआधी एक शनिवार ठरवा. शिक्षकांना आणि वायरमनला बरोबर घेऊन हॉस्टेलचे, भाड्याच्या खोल्यांचे पॉइंट तपासा, ज्युनिअरांची कोटेशनं वाचून द्या. याला ना स्पॉन्सर लागतो, ना स्टेज. आणि वळवाचा पहिला कडकडाट होईल, तेव्हा त्या मुलांना प्लग काढायचं तरी नक्की आठवेल.