पडझडीनंतरची अठरा वर्षं

6 एप्रिल 2021 ची सकाळ. आदल्या रात्री आठपासून आपल्याकडे करोनामुळे ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागू झाले होते आणि रस्त्यावर दूधवाल्याच्या गाडीखेरीज आवाज नव्हता. सातच्या सुमारास मी मोबाइल डब्याला टेकवून ओट्याशी उभी होते. अमेरिकेत इंडियानापोलिसला तेव्हा सोमवारची रात्र होती आणि पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना नुकता सुरू झाला होता. एका बाजूला गोंझागा. सलग 31 सामने जिंकलेला आणि त्या हंगामात एकदाही न हरलेला संघ. 1976 मध्ये इंडियाना विद्यापीठानं अख्खा हंगाम न हरता विजेतेपद मिळवलं होतं, ते त्यानंतर कुणालाच जमलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला टेक्सासमधल्या वेको गावचं बेलर विद्यापीठ.

गोंझागाचं खातं उघडायच्या आत बेलरचे नऊ गुण झाले. चहा उकळून गेला, पण मी हलले नाही. मध्यंतराला 47-37, शेवटी 86-70. गोंझागाला एकदाही आघाडी घेता आली नाही. सामना संपल्यावर पडद्यावर बेलरचे प्रशिक्षक स्कॉट ड्रू दिसले. पन्नाशीचा, लहान मुलासारखा चेहरा असलेला माणूस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते जिंकण्यामुळे नव्हे. हा माणूस 2003 मध्ये कुठल्या ढिगाऱ्यावर येऊन उभा राहिला होता, ते मला माहीत होतं.

महाविद्यालयात मी तीन वर्षं संघातून खेळले. आमचं कोर्ट सिमेंटचं होतं, एका रिंगला जाळी होती, दुसरीला नव्हती. माझ्या आधीच्या वर्षीच्या चांगल्या मुली पदवी घेऊन गेल्या आणि पुढची दोन वर्षं आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. आमचे सर म्हणत होते, ‘नवीन मुली आहेत, थोडा वेळ द्या.’ तो वेळ त्यांना मिळाला नाही. तिसऱ्या वर्षी क्रीडा विभागानं मुलींचा संघच पाठवला नाही. पुढे त्या कोर्टावर दुचाक्या लागू लागल्या. तेव्हापासून कुठं संघ नव्यानं उभा राहिल्याची बातमी वाचली की मी आधी एकच गोष्ट शोधते: त्या प्रशिक्षकाला हरायला किती वर्षं दिली होती?

ड्रू यांच्या बाबतीत उत्तर आहे: चार.

पण त्याआधी ढिगाऱ्याविषयी सांगायला हवं. जून 2003 मध्ये बेलरचा खेळाडू पॅट्रिक डेनेही बेपत्ता झाला. तो 21 वर्षांचा होता. जुलैच्या शेवटी गावाबाहेर त्याचा मृतदेह सापडला. त्याच्याबरोबर संघात असलेल्या मुलानंच गोळ्या घातल्या होत्या. त्या मुलानं 2005 मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला 35 वर्षांची शिक्षा झाली. वेकोनं दुःखाचे दिवस आधीही पाहिले होते. 1927 च्या जानेवारीत सामना खेळायला निघालेल्या बेलरच्या संघाची बस राउंड रॉक इथं रेल्वेखाली सापडली आणि दहा जण गेले. विद्यापीठात त्यांना आजही ‘अमर दहा’ म्हणतात. पण तो अपघात होता.

2003 च्या उन्हाळ्यात खुनाच्या तपासाबरोबर दुसरंच काही बाहेर येऊ लागलं. प्रशिक्षक डेव्ह ब्लिस यांनी डेनेहीसह दोन खेळाडूंची फी नियम मोडून गुपचूप भरली होती. 8 ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. पुढं आलं ते याहून वाईट होतं. फीचे पैसे कुठून आले या प्रश्नाला उत्तर म्हणून, डेनेही अमली पदार्थ विकायचा असं चौकशीत सांगा, असं ब्लिस आपल्या खेळाडूंना शिकवत होते. मेलेला मुलगा उत्तर द्यायला येणार नव्हता. हे जगाला कळलं ते अबार राउज नावाच्या तरुण सहायक प्रशिक्षकामुळे. नोकरीला लागून त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. त्यानं खिशात छोटा टेपरेकॉर्डर ठेवून ब्लिस यांचं बोलणं टिपलं आणि टेप चौकशी करणाऱ्यांकडे दिल्या. ऑगस्टच्या मध्यात ते बोलणं वर्तमानपत्रांत छापून आलं.

राउजचं नाव लक्षात ठेवा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

अशा जागी कोण नोकरी धरणार? चांगले खेळाडू तर लगेच पांगले. लॉरेन्स रॉबर्ट्स मिसिसिपी स्टेटला, जॉन लुकास ओक्लाहोमा स्टेटला, केनी टेलर टेक्सास विद्यापीठात. त्या ऑगस्टमध्ये 32 वर्षांचे स्कॉट ड्रू आले. स्वतः महाविद्यालयीन संघातून कधीच न खेळलेला हा माणूस. पण घर बास्केटबॉलचं. वडील होमर ड्रू हे इंडियाना राज्यातल्या वाल्पारायझो या छोट्या विद्यापीठाचे प्रशिक्षक. धाकटा भाऊ ब्राइस हा त्याच संघाचा खेळाडू. 1998 च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट करून त्यानं बलाढ्य मिसिसिपीला 70-69 असं हरवलं होतं. अमेरिकेत मार्च महिना आला की ते दृश्य अजून दाखवतात. स्कॉट तेव्हा बाकावर होते, वडिलांचे सहायक म्हणून. 2002 मध्ये होमर निवृत्त झाले आणि संघ स्कॉटकडे आला. एक हंगाम झाला, 20 सामने जिंकले आणि स्कॉट तयार घर सोडून वेकोला निघाले. मुलगा गेल्यावर वडील निवृत्तीतून परत येऊन वाल्पारायझोच्या बाकावर बसले. एकानं पडकं घर बांधायला जायचं आणि दुसऱ्यानं मागचं राखायचं, ही गोष्ट मला आपल्या एकत्र कुटुंबांतली वाटते.

पहिल्याच पत्रकार परिषदेत ड्रू यांनी राष्ट्रीय विजेतेपदाची गोष्ट काढली. 1950 नंतर बेलरचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चौघांत कधी पोहोचला नव्हता, आणि इथं तर पाच चांगले खेळाडू उभे करायची पंचाईत होती. शिष्यवृत्तीवरचे मोजके खेळाडू आणि बाकीची आपणहून खेळायला आलेली विद्यापीठातली मुलं, असा पहिल्या वर्षीचा संघ. निकाल 8 विजय, 21 पराभव. दुसऱ्या वर्षी 9 विजय, 19 पराभव. बिग ट्वेल्व्ह या त्यांच्या गटातल्या 16 सामन्यांपैकी त्या वर्षी एकच जिंकला.

मग 2005 च्या जूनमध्ये महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिनं शिक्षा सुनावली. पुढच्या हंगामात बेलरनं गटाबाहेरचा एकही सामना खेळायचा नाही. बाकीचे संघ नोव्हेंबरपासून खेळत होते आणि बेलरची मुलं जानेवारीपर्यंत आपल्याच व्यायामशाळेत आपल्याच मुलांशी सराव करत राहिली. ज्यांनी पाप केलं ते गेले होते. शिक्षा भोगणाऱ्यांपैकी बहुतेक तेव्हा शाळेत होते. विद्यापीठाला शिक्षा व्हायलाच हवी होती, याबद्दल मला शंका नाही. पण विद्यापीठाला झालेली शिक्षा शेवटी 19 वर्षांचं पोर भोगतं, हे पाहून जीव तुटतो. त्या वर्षी 17 सामने झाले, चार जिंकले. तीन हंगामांत मिळून 21 विजय आणि 53 पराभव.

इथं बेलरला श्रेय द्यायला हवं. त्यांनी प्रशिक्षक बदलला नाही.

चौथ्या वर्षी 15-16. ऑस्ट्रेलियाहून आलेला ॲरन ब्रूस, ऑस्टिनचा कर्टिस जेरेल्स, लुइझियानाचा ट्वीटी कार्टर अशी मुलं आता हळूहळू जमली होती. अशा मुलांच्या आईवडिलांसमोर बसून ड्रू काय सांगत असतील, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. ज्या गावाचं नाव खुनाच्या बातमीत आलं, तिथं तुमचा मुलगा पाठवा, असं म्हणायचं. दाखवायला करंडक नाही, विजयांची यादी नाही. फक्त आपण स्वतः.

मग 23 जानेवारी 2008. कॉलेज स्टेशनला टेक्सास ए अँड एम विरुद्धचा सामना बरोबरीत सुटला. जादा पाच मिनिटं, पुन्हा बरोबरी. पुन्हा पाच मिनिटं. असं पाच वेळा झालं आणि बेलर 116-110 असं जिंकलं. बास्केटबॉल खेळलेल्या माणसाला विचारा, नेहमीच्या 40 मिनिटांनंतर आणखी 25 मिनिटं धावणं म्हणजे काय. पोटऱ्या दगड होतात, फ्री थ्रोला हात वर जात नाही. तिथं टिकतो तो संघ झालेला असतो, एवढं मला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक आहे. त्या एका हंगामात त्यांनी 21 सामने जिंकले, म्हणजे पहिल्या तीन वर्षांत मिळून जिंकले तेवढे. वीस वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं.

पुढचा प्रवास चढाचा, पण सरळ नव्हता. 2010 आणि 2012 मध्ये ते शेवटच्या आठांत पोहोचले आणि अडले. पहिल्या वेळी ड्यूककडून, दुसऱ्या वेळी केंटकीकडून हरले आणि दोन्ही वेळा त्याच संघांनी पुढे विजेतेपद नेलं. त्याच 2012 मध्ये ड्रू यांच्यावरही डाग लागला. खेळाडू मिळवताना नियमाबाहेर फोन आणि संदेश केल्याबद्दल बेलरवर कारवाई झाली आणि ड्रू यांना गटातल्या दोन सामन्यांना बाहेर बसावं लागलं. ब्लिस यांच्या कृत्याशी त्याची तुलना होणार नाही. तरी ज्या जागेला नियमभंगानं आग लागली होती, तिथल्या माणसानं अधिक जपायला हवं होतं, आणि त्यांचं कौतुक करताना मी हे गाळणार नाही.

2021 चा संघ कसा बनला होता, ते मला सर्वांत आवडतं. अंतिम सामन्यात 22 गुण करून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला जॅरेड बटलर अलाबामाहून आला होता. डेव्हियन मिचेल ऑबर्नहून. त्याचा बचाव असा की समोरच्याची रात्र खराब जायचीच, म्हणून त्याचं टोपणनावच ‘ऑफ नाइट’ पडलं. मकायो टीग ॲशव्हिलच्या छोट्या विद्यापीठातून, ॲडम फ्लॅगलर त्याहून छोट्या प्रेस्बिटेरियनमधून. कॅमेरूनचा जोनाथन चाम्वा चाचुआ लास व्हेगासहून. आदल्या वर्षी फ्रेडी गिलेस्पी होता, तिसऱ्या श्रेणीतल्या कार्लटन महाविद्यालयातून शिष्यवृत्तीशिवाय आलेला. दुसरीकडे रुजू न शकलेली किंवा कुणाच्या नजरेत न भरलेली ही मुलं. नियमानुसार संघ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. ते वर्ष ड्रू फुकट जाऊ देत नसत. त्या वर्षात मुलगा सराव करायचा, अंगानं भरायचा, बचाव शिकायचा. त्यांचा बचाव होताही कष्टाचा: चेंडू मधल्या पट्ट्यात येऊच द्यायचा नाही, समोरच्याला सतत कडेला ढकलायचं. असा बचाव एकट्याच्या गुणावर होत नाही, पाचही जणांनी एकमेकांवर विसंबावं लागतं. ज्या संघात एका मुलानं दुसऱ्याचा जीव घेतला होता, तिथं हे घडलं.

2020 मध्येही ते विजेतेपदाच्या जवळ होते. सलग 23 सामने जिंकले होते आणि करोनामुळे स्पर्धाच रद्द झाली. पुढच्या हंगामात फेब्रुवारीत करोनानंच त्यांना तीन आठवडे थांबवलं. तरी ते परत आले. उपांत्य सामन्यात ह्यूस्टनला 78-59 असं हरवलं आणि मग ती सोमवारची रात्र, आमची मंगळवारची सकाळ. तीन वर्षांनी केंटकीनं, म्हणजे या खेळातल्या सर्वांत वजनदार घराण्यानं, ड्रू यांना बोलावलं. ते गेले नाहीत.

आता अबार राउज.

त्या टेपनंतर महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये त्याची कारकीर्द पुन्हा उभी राहिली नाही. ड्यूकचे माइक शिशेव्हस्की यांच्यासारख्या थोर प्रशिक्षकानंही, आपलं बोलणं चोरून टिपणारा सहायक मी ठेवणार नाही, असं जाहीरपणे सांगितलं. शिशेव्हस्की यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हे वाचून तो कमी झाला. राउजनं विश्वास मोडला म्हणे. मेलेल्या मुलाला गुन्हेगार ठरवण्याच्या कटात सामील होणं, हा कसला विश्वास? आणि ब्लिस? एनसीएएनं त्यांच्यावर दहा वर्षांचे निर्बंध घातले. ते संपल्यावर 2015 मध्ये ओक्लाहोमातल्या एका छोट्या ख्रिस्ती विद्यापीठानं त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं.

वाचकहो, बेलरचा संघ पुन्हा उभा राहिला, ही मी पाहिलेली खेळातली सर्वांत मोठी पुनर्बांधणी आहे, आणि प्रशिक्षक म्हणून स्कॉट ड्रू यांना मी मनापासून नमस्कार करते. पण त्या बांधकामाखालची जमीन राउजनं साफ केली होती. अमेरिकेत पहिल्या श्रेणीत बास्केटबॉलचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. त्यातल्या एकानंही त्याला आपल्या बाकावर जागा दिली नाही.