खाते कुणाचे गोठते आणि कुणाचे चालू राहते?

शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते. वर्षभर त्यात दोन-चारशे रुपये शिल्लक. एक दिवस ओळखीतला कुणीतरी येतो आणि म्हणतो, "पासबुक, एटीएम कार्ड आणि तुझ्या नावाचे एक सिम दे. महिन्याला चार-पाच हजार मिळतील. ऑनलाइन गेमिंगचे पैसे आहेत, काही होत नाही." दोन महिन्यांनी दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांचे पत्र बँकेत पोहोचते आणि खाते गोठते. शिष्यवृत्तीचा हप्ता त्याच आधार जोडलेल्या खात्यात जमा होतो आणि तिथेच अडकतो. शाखेत विचारले तर एकच उत्तर मिळते, "वरून झाले आहे."

हे 'वरून' म्हणजे काय, हे आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे. एक कारण उघड आहे, असे प्रकार आपल्या वस्त्यांच्या दारापर्यंत आले आहेत. दुसरे कारण असे की बँक भरतीची परीक्षा देऊन आपली बरीच मुले-मुली आता बँकांत आहेत आणि त्यांच्यापैकी काही जण उद्या याच 'वरच्या' खुर्चीत बसणार आहेत.

प्रत्येक बँकेत कंप्लायन्स, म्हणजे अनुपालन विभाग असतो. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2002 साली झाला आणि 1 जुलै 2005 पासून लागू झाला. या कायद्यानुसार प्रत्येक बँकेला एक प्रिन्सिपल ऑफिसर नेमावा लागतो. महिन्याला 10 लाखांवरचे रोख व्यवहार आणि रक्कम कितीही असो, संशयास्पद वाटणारे व्यवहार दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवणे ही त्याची जबाबदारी. त्याच्या हाताखाली टीम असते. संगणक दिवसभर इशारे काढत असतो: अचानक मोठी रोकड, मध्यरात्री वेगवेगळ्या राज्यांतून आलेली यूपीआयची रक्कम, आलेले पैसे दहा मिनिटांत बाहेर. टीममधला माणूस इशारा उघडतो, ग्राहकाची माहिती बघतो आणि ठरवतो की हे बंद करायचे की वर पाठवायचे. बहुतेक इशारे फुसके निघतात. म्हणूनच हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच त्यातला खरा इशारा हातून सुटतो. संशय कळवला आहे हे ग्राहकाला सांगायला कायद्याने बंदी आहे. चोर सावध होऊ नये म्हणून ही बंदी ठीक आहे, पण निर्दोष माणसालाही त्यामुळे आपल्यावर संशय का आला हे कधी कळत नाही.

आता थोडे दूर जाऊन बघू. 10 ऑक्टोबर 2024 रोजी टीडी बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. मनी लाँडरिंगच्या कटाचा गुन्हा कबूल करणारी ती अमेरिकेतली पहिली बँक. दंड सुमारे 3 अब्ज डॉलर, म्हणजे आपल्या 25,000 कोटी रुपयांहून जास्त. तीन टोळ्यांनी मिळून 67 कोटी डॉलरहून अधिक रक्कम या बँकेतून फिरवली होती. त्यातल्या एका टोळीची माणसे रोकड पिशव्यांत भरून शाखेत यायची, दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांत भरायची आणि कर्मचाऱ्यांना गिफ्ट कार्डे वाटायची. कार्डांची एकूण किंमत 57,000 डॉलरच्या वर होती. शाखेतल्या लोकांना हे दिसत होते. बँकेची जाहिरात होती की आम्ही अमेरिकेतली सर्वांत सोयीची बँक, आणि आतले कर्मचारी आपापसात विनोद करत होते की आपण गुन्हेगारांसाठीही सोयीचे आहोत.

मग कंप्लायन्स टीम काय करत होती? अमेरिकेच्या न्याय विभागाने मांडलेली हकीकत वाचण्यासारखी आहे. बँकेत खर्च न वाढवण्याचा नियम होता. नफा वाढला, धोका वाढला, तरी विभागाचे बजेट जागच्या जागी ठेवायचे. लाँडरिंग रोखण्यावरचा 2021 सालचा खर्च 2018 पेक्षाही कमी होता. इशाऱ्यांचे ढीग साचले. जानेवारी 2018 पासून एप्रिल 2024 पर्यंत एकूण व्यवहारांच्या रकमेपैकी 92 टक्के रकमेवर संगणकाची नजरच नव्हती. ती रक्कम होते सुमारे 18.3 लाख कोटी डॉलर. आणि हा खर्चाचा लगाम ओढून धरणाऱ्यांत पुढे लाँडरिंगविरोधी विभागाचा प्रमुख झालेला अधिकारीही होता. राखणदारानेच कुंपणाचा खर्च वाचवला! बँकेची यंत्रणा कागदावर पुरेशी दिसत होती, असेही न्याय विभागाने नोंदवले आहे.

टीमचा प्रमुख हुशार आहे की नाही, यापेक्षा त्याच्याकडे माणसे किती, पैसा किती आणि त्याला 'नाही' म्हणता येते का, हे आधी बघावे लागते. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेची एस्टोनियातली शाखा आठवा. 2007 ते 2015 या काळात तिथून परदेशस्थ ग्राहकांचे सुमारे 200 अब्ज युरो वाहून गेले, त्यातला मोठा भाग संशयास्पद. हॉवर्ड विल्किन्सन या अधिकाऱ्याने डिसेंबर 2013 मध्ये कोपनहेगनच्या मुख्यालयाला लेखी कळवले. तो कंप्लायन्सचा माणूस नव्हता, तो बाजारातील व्यवहारांचा विभाग सांभाळत होता. या शाखेचे संगणक मुख्यालयाच्या यंत्रणेला जोडलेले नव्हते, कारण जोडणे महाग पडणार म्हणून तो बेत 2008 मध्येच सोडला होता. प्रमुख कार्यकारी अधिकाऱ्याने राजीनामा दिला 2018 मध्ये. इशाऱ्यापासून तोवर जवळपास पाच वर्षे गेली होती.

आपल्या रिझर्व्ह बँकेने या दुखण्यावर कागदोपत्री चांगला उपाय केला आहे. 11 सप्टेंबर 2020 च्या परिपत्रकानुसार बँकेच्या मुख्य अनुपालन अधिकाऱ्याला किमान तीन वर्षांची मुदत मिळते. संचालक मंडळाच्या आधीच्या मंजुरीशिवाय त्याला मध्येच हलवता येत नाही. धंदा आणणाऱ्या विभागाला त्याने उत्तर द्यायचे नाही, हितसंबंध आडवे येतील असे दुसरे काम त्याच्या गळ्यात मारायचे नाही. ज्यांनी सरकारी कचेरीत प्रामाणिक अधिकाऱ्याची बदली कशी होते हे पाहिले आहे, त्यांना या तरतुदींची किंमत सांगायला नको.

पण ही तरतूद व्यापारी बँकांसाठी होती. नागरी सहकारी बँकांना ती 19 सप्टेंबर 2022 च्या परिपत्रकाने आली आणि तीही वरच्या दोन स्तरांना, म्हणजे 1,000 कोटींहून अधिक ठेवी असलेल्या बँकांना. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी जी बँक असते, ती बहुधा त्याखालची. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत, त्या सहकार खात्याकडे. तिथे चेअरमनच्या पाहुण्याच्या खात्याबद्दल 'संशयास्पद' असा शेरा मारणारा कर्मचारी दुसऱ्या दिवशी कुठे असेल, हे वेगळे सांगायला नको.

पीएमसी बँकेचा धडा अजून ताजा आहे. एचडीआयएल समूहाची 44 थकीत कर्जखाती लपवण्यासाठी 21,000 हून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले आणि पहिल्यांदा खातेदाराला मिळाले फक्त 1,000 रुपये. मुंबईत शाखांसमोर निवृत्त माणसे रांगेत रडत होती. एका बिल्डरकडे बँकेच्या कर्जाचा बहुतेक भाग गेला तेव्हा त्याला ओळखीचा पुरावा पुन्हा आणा, असे म्हणणारा आवाज आत उमटला नाही, किंवा उमटला तरी दाबला गेला.

म्हणूनच संशय कुणावर घेतला जातो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. भाड्याने घेतलेल्या खात्याचा माग काढणे तुलनेने सोपे आहे. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशा खात्यांच्या वागणुकीचे 19 नमुने अभ्यासून म्यूलहंटर नावाची यंत्रणा बनवली आणि डिसेंबर 2024 मध्ये गव्हर्नरांनी तिचा उल्लेख केला. चांगली गोष्ट आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली कुणा आजीची आयुष्यभराची पुंजी जाते, तेव्हा ती अशाच भाड्याच्या खात्यांतून पुढे सरकते. खाते भाड्याने देणारा मुलगा पूर्ण निर्दोष असतो, असे मी म्हणणार नाही. कुणाचे तरी पैसे त्याच्या नावाने गेलेले असतात.

पण ही खाती उघडली कुणी? सीबीआयने जून 2025 मध्ये सांगितले की 700 हून अधिक शाखांत मिळून साडेआठ लाख म्यूल खाती उघडली गेली होती आणि त्यात काही बँक अधिकारी, एजंट व बँकिंग प्रतिनिधींचाही हात होता. ओळख नीट न तपासता खाती उघडली, कारण खाती उघडण्याचे टार्गेट होते. त्या वेळी कंप्लायन्सने अडवले नाही. नंतर यंत्राने पकडले, तेव्हा खाते गोठले मुलाचे. मोठ्या कर्जदाराकडे रिलेशनशिप मॅनेजर असतो, तो फोन करून 'साहेब, हा आपला जुना ग्राहक आहे' असे सांगतो आणि इशारा बंद होतो. मुलाच्या बाजूने फोन करणारा कुणी नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत एक वाक्य आहे, ते फार कमी लोकांनी वाचलेले असते. ग्राहक स्वीकारण्याच्या धोरणामुळे सर्वसामान्य लोकांना, विशेषतः आर्थिक किंवा सामाजिकदृष्ट्या वंचित असलेल्यांना, बँकेची सेवा नाकारली जाता कामा नये, असा त्याचा अर्थ आहे. मार्च 2025 मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही सांगितले की नियम अतिउत्साहाने राबवून प्रामाणिक व्यवहार गुदमरवू नयेत. टीमच्या प्रमुखाला या दोन्ही गोष्टी रोज सांभाळाव्या लागतात. उंबरठा खाली आणला तर हजारो गरिबांची खाती इशाऱ्यात येतात, वर नेला तर चोर निसटतो. तो आकडा कुठे ठेवायचा हे कुणीतरी माणूस ठरवतो. गावाकडे सणाला चार घरचे पैसे एका खात्यात गोळा होतात, ऊसतोडीची उचल एकरकमी येते, जयंतीची वर्गणी कार्यकर्त्याच्या खात्यात महिनाभर शंभर-शंभर रुपयांनी जमा होते. हे ज्याने पाहिलेच नाही, त्याला यातले सगळेच संशयास्पद दिसेल. आपली मुले या विभागात गेली पाहिजेत असे मी म्हणतो ते यासाठी. क्लार्क किंवा पीओ झाल्यावर अनुपालनाचे काम 'साइड पोस्टिंग' समजून टाळू नका.

आणि आज ज्यांची खाती अडकली आहेत त्यांच्यासाठी. कार्यकर्त्यांनी अशा मुलासोबत शाखेत जावे, कुठल्या पोलीस ठाण्याचे पत्र आहे, त्याचा क्रमांक काय आणि किती रकमेबद्दल आहे, हे लेखी मागावे. वादातली रक्कम 3,000 आणि गोठले संपूर्ण खाते, असे असेल तर तेवढीच रक्कम अडवून बाकीचे खाते सोडा, असा अर्ज बँक आणि पोलीस दोघांकडे द्यावा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. फसवणूक आपल्याच माणसाची झाली असेल तर पहिल्या तासात 1930 वर फोन करा. आणि विहारात, वाचनालयात, वसतिगृहात एक कागद लावा: आपले खाते, कार्ड, सिम कुणालाही भाड्याने द्यायचे नाही, चार हजार मिळोत की चाळीस.